झाकणाचा आवाज

पहाटे पावणेसहाला आमच्या ओट्यापाशी मी असते, सून असते आणि फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेला शाळेचा तक्ता असतो. तिघांत शेवटचा शब्द तक्त्याचा. सोमवारी पोळीभाजी, मंगळवारी इडली किंवा डोसा, बुधवारी मोड आलेलं कडधान्य, गुरुवारी पराठा किंवा थालीपीठ, शुक्रवारी 'मुलांच्या आवडीचं'. त्याखाली ठळक अक्षरांत नकोची यादी: वेफर्स, नूडल्स, चॉकलेट, केक, बिस्किटं, जॅम, तळलेलं, गोड. म्हणजे मुलांच्या आवडीचं, फक्त मुलांना आवडतं ते सोडून. अगदी तळाला बारीक अक्षरांत आणखी एक ओळ आहे: डबा शेअर करू नये. ती ओळ मी कित्येक महिने नीट वाचलीच नव्हती.

चौतीस वर्षं सरकारी कचेरीत फायली वाचून काढलेल्या बाईने ही कबुली देणं बरं नव्हे. शासन निर्णयाची खरी मेख शेवटच्या परिच्छेदात असते, हे मी नव्या पोरांना शिकवत असे.

नात पहिलीत आहे. शाळा सात वीसची, व्हॅन सहा पस्तीसला गोरेगावातल्या आमच्या गेटपाशी हॉर्न मारते. पोर सहाला उठते. अर्धा कप दूध पोटात जातं, तेही मी केसांत फणी फिरवत असताना, एक घोट आणि एक 'आई गं' असं. पहिली सुट्टी पावणेनऊला, दहा मिनिटांची. तिला 'फ्रूट ब्रेक' म्हणतात. मोठी सुट्टी साडेदहाला, वीस मिनिटांची. त्या वीस मिनिटांत हात धुवायची रांग, डब्याची घट्ट बसलेली क्लिप, सांडलेली भाजी आणि मैत्रिणीशी झालेलं भांडण हे सगळं आलं. जेवायला उरतात सात-आठ मिनिटं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं राज्य सरकारने सांगितलं, तेव्हा मी घरात पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. त्याआधी डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस मुलांच्या अपुऱ्या झोपेबद्दल बोलले होते, तिथून ते निघालं. आमच्या शाळेत इमारत एक आणि पाळ्या दोन. व्हॅनवाल्याच्या सकाळच्या फेऱ्या तीन. नऊ काही वाजले नाहीत. वेळेचा नियम असा मागच्या दाराने निघून गेला, डब्याचा मात्र फ्रिजवर चिकटला.

तर एका शुक्रवारी मी भोपळ्याचे घारगे दिले. लाल भोपळा किसून गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक, चमचाभर तांदळाचं पीठ, जायफळ. गार झाले तरी मऊ राहतात, सांडत नाहीत, लहान हातात बसतात. जी पोर भोपळ्याची भाजी बघून नाक मुरडते ती चार घारगे मागून घेते. त्या दिवशी तर "आजी, चार नको, सहा दे" म्हणाली. मी खूश. आजीला आणखी काय हवं असतं?

दुपारी डबा आला तो तसाच. सहाचे सहा. कॅलेंडर-डायरीत लाल शाईने शेरा: 'तळलेला व गोड पदार्थ आणला. तसेच डबा शेअर करताना आढळली. कृपया नियम पाळावेत.' पोर व्हॅनमधून उतरली ती पोट धरून. सकाळच्या अर्ध्या कप दुधावर आणि चार फोडी सफरचंदावर तिने पावणेएक वाजवला होता. वरण-भात कालवून दिला तर इतक्या घाईने खाल्ला की तिला उचकी लागली.

माझं डोकं फिरलं. सून म्हणाली, "आई, तुम्ही जाऊ नका, मी मेसेज करते टीचरना." मी म्हटलं, मेसेज नको. भांडायचं तर समोर बसून.

आणि भांडायला जायचं म्हणून मी सवयीप्रमाणे कागद जमवले. मे २०१७ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शाळांच्या उपाहारगृहांतून वेफर्स, नूडल्स, शीतपेयं, पिझ्झा, केक, बिस्किटं वगैरे हद्दपार केली आणि काय ठेवावं याची यादी दिली. त्या यादीत खिचडी आहे, इडली आहे, नारळपाणी आहे, आणि चक्क खीर आहे! सरकारला खीर चालते, मग माझा घारगा का नाही, हा माझा पहिला मुद्दा. दुसरा कागद देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, २०२० सालचा. चरबी, मीठ आणि साखर जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत विकायचे नाहीत. विकायचे नाहीत, नीट बघा. घरच्या डब्यात कुणी काय द्यावं यावर दंडुका उगारायला तो नियम केलेला नाही. (पन्नास मीटर! मुंबईत पन्नास मीटरांत अख्खी गल्ली येते: वडापावची गाडी, भेळवाला, गोळेवाला, चिंचा-बोरांची पाटी आणि मध्ये आणखी एका शाळेचं फाटक. आमच्या शाळेसमोरचा वडापाववाला सकाळी दहाला तेल तापवतो आणि त्याला हा नियम सांगायला मी तरी कुणाला जाताना पाहिलेलं नाही.)

रात्री धाकट्या भावाला फोन केला. त्याला सगळं सांगितलं, म्हटलं तोही चिडेल. तो नुसता हसला. मग म्हणाला, "ताई, पोर डबा कुणाला देत होती ते विचारलंस का?"

विचारलं नव्हतं.

आमचं घर लालबागला, चाळीत. वडील गिरणीत आणि आईची खानावळ. दहा बाय बाराच्या खोलीत अकरा माणसं पाळीपाळीने जेवून जात, सगळी गावाकडची, सगळी गिरणीतली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. वडिलांचा पगार थांबला हे तर झालंच, पण जेवणारी माणसंही एकेक करून गावी निघून गेली. शिमग्याला गेलेली परत आली नाहीत. ज्या चुलीवर अकरा परक्यांचं शिजत होतं, तिच्यावर पाच घरच्यांचं शिजवायचं म्हणजे आईला हिशोब घालावा लागे. गावाहून तांदूळ आणि कुळीथ यायचे, त्यावर निभलं. पेज, कुळथाची पिठी, असला तर सुकटीचा तुकडा. घरी बसून खायला पेज उत्तम. डब्यात पेज देता येत नाही.

मी तेव्हा पंधरा वर्षांची, दहावीच्या तोंडावर. भाऊ सहाचा, महापालिकेच्या शाळेत पहिलीला. त्याला सोडायचं काम माझं. डब्यात कधी तव्यावर परतलेला शिळा भात, कधी चपातीचा चतकोर. जुलैत काही दिवस असे आले की त्यात घालायला काहीच नव्हतं. मी म्हटलं, आज डबा नको नेऊस. तो रडून गोंधळ घालायला लागला. डबा न्यायचाच होता त्याला. मग तो रिकामा डबा दप्तरात घालून न्यायचा, सुट्टीत भिंतीकडे तोंड करून बसायचा, झाकण अर्धं उघडून हात आत घालायचा आणि तोंडाकडे न्यायचा. सगळी मुलं जेवतात तसा तोही जेवायचा.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कित्येक वर्षांनी, त्याच्या लग्नाच्या आदल्या रात्री त्याने सांगितलं.

त्या वर्षी गोकुळाष्टमीला त्याच्या बाईंनी वर्गात गोपाळकाला केला. मोठं पातेलं मध्ये, सगळ्यांच्या डब्यातलं त्यात. पोहे, चुरमुरे, दह्याचं विरजण बाईंनी घरून आणलेलं, चपातीचे तुकडे, कुणाची उसळ, कुणाचं लोणचं. कृष्णाने गवळ्यांच्या पोरांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या, कुणाची कुठली हे कळू दिलं नाही, ही गोष्ट सांगितली. इथवर सगळ्याच शाळांत होतं. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, काल मजा आली ना, आजही करू. मग तिसऱ्या दिवशीही. तो काला दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चालला. ज्यांच्याकडे डबा नसे त्यांना पातेलं धरायचं, वाटप करायचं काम. वर्गात असे किती होते? गिरणगावातली शाळा, संपाचं वर्ष, तुम्हीच मोजा.

फोनवर मी भावाला विचारलं, बाईंना कसं रे कळलं तुझा डबा रिकामा आहे ते?

म्हणाला, "आवाजावरून. रिकाम्या डब्याचं झाकण वेगळं वाजतं, ताई. मला पण येतं ओळखता."

सोमवारी शाळेत गेले. टीचरांचा तास संपायचा होता म्हणून व्हरांड्यात बसवलं. समोर नवा फलक होता. शीतपेयाच्या बाटलीत साखर किती, ज्यूसच्या खोक्यात किती, शेजारी पारदर्शक पुड्यांत खरी साखर भरून टाचलेली. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना असे फलक लावायला सांगितलं. ही शाळा त्या बोर्डाची नाही, पण चांगलं दिसलं म्हणून घेतलं असावं, आणि घ्यावंच. चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या कॅलरींतला तेरा टक्के भाग साखरेचा असतो, तो पाचच्या वर नसावा, हे त्या वेळी बोर्डानेच सांगितलं होतं. मला स्वतःला मधुमेह आहे. गूळ म्हणजे सोवळ्यातली साखर, हे मला कुणी शिकवायला नको. पुड्यांकडे बघता बघता माझा खिरीचा मुद्दा जरा पातळ झाला.

टीचर तिशीतल्या, बदलापूरहून येणाऱ्या. पहाटे पाचच्या आसपासची लोकल. माझे कागद त्यांनी शांतपणे पाहिले.

"आजी, घारगे होते हे मला कळलं. माझी आई पण करते. पण वर्गात बेचाळीस मुलं आणि मदतीला एक मावशी. मी आज घारगा चालवला की उद्या डोनट येतो. परवा ती आई मला विचारते, गोड तर दोन्ही आहे. आणि एका डब्यात वेफर्स निघाले ना, की उरलेल्या एकेचाळीस डब्यांतली पोळीभाजी कुणी खात नाही. म्हणून सरसकट नको."

हे खरं होतं. मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, पण पोर उपाशी राहिली. डबा काढून घेऊन तिच्यासमोर दुसरं काही ठेवायला नको?

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी माझं चुकलं. बंद कर म्हटलं आणि दुसऱ्या टेबलाकडे गेले. सुट्टी संपली." थोडं थांबून, आवाज खाली आणून: "मी स्वतः साडेनऊला चहात ग्लुकोज बिस्किट बुडवून खाते. स्टाफरूमचं दार लोटून. मुलांना दिसू नये म्हणून."

मग माझ्यातली भांडकुदळ म्हातारी तिथेच संपली. नोकरीच्या दिवसांत मी लोकलच्या दारात उभी असायचे आणि विलेपार्ले आलं की डब्यात पार्लेच्या कारखान्याचा भाजका, दुधाळ वास शिरायचा. भुकेल्या पोटी घरी परतणाऱ्या बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. २०१६ मध्ये तो कारखाना बंद झाला. बिस्किटात मैदा आणि साखर, पोषण शून्य, सगळं कबूल. तरी या शहरात सकाळी किती जणांना पहिल्या जेवणापर्यंत ढकलत न्यायचं काम त्या पुड्याने केलंय हे कुठल्या फलकावर टाचता येत नाही.

"आणि शेअरिंग?" मी विचारलं. "कुणाला देत होती ती?"

टीचरांनी नाव सांगितलं नाही, ते बरंच केलं. पंचवीस टक्क्यांतला मुलगा आहे, एवढं म्हणाल्या. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित घरांतल्या मुलांसाठी ज्या पंचवीस टक्के जागा राखून ठेवल्या, त्यांतला. आई पहाटेच दोन घरची कामं उरकायला निघते. तो रोज कागदात चार बिस्किटं आणतो. नकोच्या यादीतली. त्याच्या डायरीत लाल शेरे माझ्या नातीपेक्षा कितीतरी जास्त. आता टीचर शेरा लिहीत नाहीत, बघून न बघितल्यासारखं करतात. डबा शेअर करू नये हा नियम करोनानंतर आला. शिवाय कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी, कुणाच्या घरी कांदा-लसूण नाही, कुणाच्या घरी अंडं नाही. एकदा एका मुलाच्या ओठांना सूज आली होती. नियम उगाच नाही.

घरी परतताना रिक्षात बसले आणि कचेरीतली सवय पुन्हा जागी झाली. हा मुलगा कुठल्या फायलीत बसतो?

महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असता तर त्याला दुपारचं गरम जेवण मिळालं असतं. १५ ऑगस्ट १९९५ ला देशात ही योजना सुरू झाली. आधी नुसतं धान्य घरी देत. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये शिजवलेलं जेवणच द्या म्हणून बजावलं. पहिली ते पाचवीच्या मुलाला शंभर ग्रॅम धान्य, डाळ, भाजी, मिळून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, असं त्याचं माप आहे. आपल्याकडे त्यात आठवड्याला एक अंडंही आलं, २०२३ च्या अखेरीस. जानेवारी २०२५ मध्ये त्या अंड्यासाठीचा वेगळा पैसा सरकारने थांबवला. (नातीच्या शाळेत अंडं आणायचंच नाही. तक्त्यात लिहिलेलं नाही, पहिल्या पालकसभेत गोड आवाजात सांगितलं. आमच्यासारख्या मालवणी घराला 'प्रोटीन वाढवा' म्हणायचं आणि अंडं-मासळी वगळायची, म्हणजे पोहायला पाठवून पाण्यात उतरू नको म्हणण्यातला प्रकार.) पण ही योजना सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांची. विनाअनुदानित खासगी शाळेत ती नाही. कायद्याने पोराला चांगल्या शाळेच्या बाकावर बसवलं आणि बसवताना त्याच्या पुढ्यातली खिचडीची ताटली काढून घेतली. कुणी मुद्दाम नाही केलं. दोन वेगळ्या फायली, दोन वेगळी टेबलं. मी चौतीस वर्षं अशाच टेबलांमध्ये बसले आहे.

चार ग्लुकोज बिस्किटांत कॅलरी शंभरच्या आसपास. वर शेरा: अनहेल्दी.

सहा वर्षांच्या मुलाच्या पोटात एका वेळी मावतं थोडं आणि लागतं वारंवार. शिवाय या वयात मेंदूच सगळ्यात खादाड असतो. मूल नुसतं बसलं असतं तरी शरीर जी ऊर्जा खर्चतं तिच्यातला निम्म्याहून मोठा वाटा तो एकटा घेतो. आपण त्याला बाराखडी, वजाबाकी आणि 'शांत बसा' हे सगळं उपाशीपोटी करायला लावतो, आणि मग डबा उघडून आत पौष्टिक काय आहे ते तपासतो. डबा उघडायच्या आधी पोराचा चेहरा बघावा, इतकी साधी गोष्ट तक्त्यात लिहायला जागा नसते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात वर्ग भरवला. कुरणशाळा. गुरांच्या वेळेला शाळेची वेळ जुळवून घेतली. इथून कोसबाड शंभर-सव्वाशे किलोमीटर असेल. आम्हाला व्हॅनच्या फेऱ्या जुळवता येत नाहीत.

शाळेतून निघताना टीचर दारापर्यंत आल्या होत्या. म्हणाल्या, "शेअरिंगचा नियम मी बदलू शकत नाही, आजी. वरून आलेला आहे." मग चप्पल शोधत असल्यासारखं खाली बघत, "पण मोठ्या सुट्टीची पहिली दहा मिनिटं मी वह्या तपासत असते. तेव्हा माझी मान खाली असते."

रात्री सुनेला सांगितलं. तिने तक्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "गुरुवारी थालीपीठच आहे आई. लहान लहान करू. जास्तीची."

गुरुवारी भाजणी भिजवली, कांदा, कोथिंबीर, थोडा कोबी किसून. तळहाताएवढी सहा थापली, प्रत्येकाला मध्ये भोक. कांदा-लसूण न खाणाऱ्या कुणापर्यंत ती जायची नाहीत हे नातीला दोनदा बजावलं. तिने पोटभर मान हलवली आणि क्लिप लावायच्या आधी स्वतः बोटाने मोजली. सहा. खाली हॉर्न वाजला.

दुपारी डबा आला. घासायला घेताना झाकण काढलं तर थालीपीठ एकही नव्हतं. एका कोपऱ्यात, भाजणीचे कण लागलेलं, अर्धं ग्लुकोज बिस्किट होतं.

मी चहा टाकला आणि ते बुडवून खाल्लं.